दगड नको, मास्तर धाडा

आमच्या गावात पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला दगड दाखवायला नेतात. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव फौजींचं. चावडीसमोर काळ्या दगडाचा स्तंभ आहे. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपासून कारगिलपर्यंतची नावं त्यावर एकाखाली एक कोरलेली आहेत. चार वर्षांपूर्वी आम्ही माजी सैनिकांनी तो नव्याने बांधला. नक्षा मी काढला, नावंही मीच तपासली. अठ्ठावीस वर्षं फौजेत क्लार्क होतो आणि सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नावं तपासण्यातच माझं आयुष्य गेलं.

त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातून नामदेव गावंडेचा फोन आला, तेव्हा मला नवल वाटलं नाही. नामदेव माझ्याच पलटणीतला हवालदार, आता आर्णीजवळ शेती करतो. “साहेब, इकडे एका बंजारा तांड्यावर शहिदाचा दगड लावाचा हाय. एकाहत्तरच्या लढाईतला मानूस. पोरायले समजून नाही राह्यलं कसा करावा. तुमी येता का?”

त्याचं बोलणं संपायच्या आत मी मनात नक्षा काढायला घेतला होता. उलटी बंदूक, त्यावर शिरस्त्राण, खाली संगमरवरी पाटी. खरं सांगायचं तर मनात थोडी ऐटही होती. देश आमच्याच तालुक्याने सांभाळला अशी आमच्याकडे एक समजूत असते. वऱ्हाडात कापूस पिकतो, जवान साताऱ्यात. आपण जाऊ, चार गोष्टी शिकवू आणि परत येऊ, असं मी धरून चाललो होतो.

कळंब

वर्ध्याला रेल्वेतून उतरून यवतमाळची एसटी धरली आणि कळंबला उतरलो, कारण नामदेव मला तिथे घ्यायला येणार होता. बस धूळ उडवत पुढे गेली, तेव्हा माझ्या हाताला काहीतरी कमी जाणवलं. नक्ष्याची गुंडाळी! आठ दिवस खपून काढलेला नक्षा वरच्या फळीवर तसाच यवतमाळला निघाला होता.

नामदेव जीप घेऊन आला. त्याने आधी कडक सलाम ठोकला, मग सगळं ऐकून पोट धरून हसला. “तुमी सलामत उतरले नं साहेब, बस झालं! कागदाचं काय घेऊन बसले!” त्याने डेपोत फोन केला, ओळखीच्या कंडक्टरला केला. गुंडाळी काही मिळाली नाही. मी चरफडत होतो.

“चाला, आधी चिंतामणीले भेटू,” तो म्हणाला.

आमच्याकडे देवाला जायचं म्हणजे डोंगर चढायचा. इथला गणपती जमिनीच्या पोटात आहे, पायऱ्या उतरत जायच्या. वर डिसेंबरचं ऊन होतं, खाली दगडाचा गारवा आणि कुंडातलं पाणी. मी नक्षा सापडू दे म्हणून हात जोडले. पुढे जे घडलं त्यावरून वाटतं, देवाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं ते बरंच झालं.

आर्णी

आर्णीपर्यंत दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. आमच्या उसाच्या हिरव्या भिंतींची सवय असलेल्या डोळ्याला हे पांढरे ठिपके मोकळे मोकळे वाटतात. बाया कमरेला ओटी बांधून वेचत होत्या. तुरीला शेंगा लागल्या होत्या, आणि त्या शेंगांनीच माझा पहिल्या दिवशी घात केला.

नामदेवच्या घरी जेवायला सोले-वांग्याची भाजी होती. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. चव अशी की मी तीन वेळा वाढून घेतली, आणि तिखट असं की तिसऱ्या वेळी उचकी लागली ती थांबेचना. आमचा कांदा-लसूण मसाला जगात सर्वांत तिखट, हा अभिमान मी तिथेच त्या ताटाशेजारी ठेवून दिला. नामदेवच्या बायकोने गुळाचा खडा पुढे केला. “हळू खा भाऊजी, कोनी हिसकून नाही राह्यलं.”

जेवण झाल्यावर अंगणात बसलो. मी म्हणालो, “नामदेव, तुमच्याकडे लढाईची झळ फारशी लागली नसेल. सीमा कुठे, तुम्ही कुठे.”

तो म्हणाला, “साहेब, मी लहान होतो. पासष्टची लढाई झाली, वरून पानी नाही पडलं. तवा रेशनवर अमेरिकेची तांबडी जवारी भेटे, मिलो म्हनत. भाकर थापली का तुटे, आन घशाखाली उतरत नसे. माह्या बापानं एक डाव भाकर तशीच ताटात ठेवली आन म्हने, दुसऱ्याच्या दानावर लढाई नाही होत. दुसऱ्या सालीच हायब्रीडचं बियानं आनलं. लोक हसले, म्हने हे जनावरंही खानार नाहीत. पन पोतेच्या पोते पिकलं. मी फौजेत गेलो तवा छातीत भरलो नं, ते त्या हायब्रीडवरच!”

असे कितीतरी बाप देशभर एकाच वेळी हट्टाला पेटले असतील. त्यांची नावं कुठल्या स्तंभावर नसतात. मी मात्र तोवर माझ्या हरवलेल्या नक्ष्याचाच विचार करत होतो.

तांडा

तांडा आर्णीपासून पाऊण तासावर, सागाच्या झाडीच्या कडेला आहे. पाच-पन्नास घरं, पाण्याची टाकी, आणि सुरुवातीलाच पिवळ्या रंगाची शाळा. शाळेच्या बाई कविता जाधव बाहेरच उभ्या होत्या. तिशीच्या आसपासच्या. याच तांड्यात जन्मल्या, याच शाळेत शिकल्या आणि याच शाळेत बदली मागून आल्या. दगड लावायची कल्पना त्यांची आणि तांड्यातल्या फौजेत असलेल्या तीन तरुणांची. ते तिघे रजा काढून आले होते.

मी विचारलं, “इतक्या वर्षांत स्मारक का झालं नाही?”

“कारण याडीने होऊ दिलं नाही,” बाई म्हणाल्या. बंजाऱ्यांच्या गोर बोलीत याडी म्हणजे आई. शहिदाच्या पत्नी पुनीबाई राठोड यांना सारा तांडाच याडी म्हणतो. “लढाई संपल्यावर मोठे साहेब आले होते, सर. म्हणाले, तुमच्या मालकाच्या नावाचा दगड बसवतो. याडी तेव्हा वीस-एकवीस वर्षांची होती, पोटात मूल. ती म्हणाली, दगड नको, मास्तर धाडा.”

मास्तर आला. शाळेला जागा नव्हती, तर तिने आपली अर्धी झोपडी दिली. पावसाळ्यात पोरं एका अंगाला आणि बैल दुसऱ्या अंगाला. तिथून निघालेल्यांची यादी कविताबाईंनी बोटांवर मोजायला घेतली. दोन नर्सा, पाच शिक्षक, एक जण रेल्वेत, हे तिघे फौजेत. बोटं संपली तशी त्या हसून थांबल्या.

मग म्हणाल्या, “मी मुलांना सांगते, आपल्या तांड्यावर युद्ध दोनदा आलं. आपले पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य नि मीठ लादून देशभर हिंडायचे. राजांच्या फौजा त्या धान्यावर जगायच्या. मग तिकडे अमेरिकेत आपसात लढाई पेटली, विलायतेच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, वऱ्हाडच्या कापसाला मागणी आली. कापसामागून रेल्वे आली, आणि बैलांचं काम गेलं. आपण इथे थांबलो ते त्या युद्धानंतर. आणि शिकलो ते एकाहत्तरनंतर.”

मी पन्नास भाषणं ऐकली असतील आणि दहा दिली असतील. देश युद्धांतून कसा घडतो, हे इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगत होती चौथीला इतिहास शिकवणारी बाई, शाळेच्या ओट्यावर उभी राहून.

पुनीबाई घरासमोर खाटेवर बसल्या होत्या. शेजारच्या म्हाताऱ्यांच्या अंगावर आरशांचे घेरदार घागरे, म्हणजे फेटिये, होते, यांच्या अंगावर साधं फिकं लुगडं. पाठ ताठ. त्यांचा मुलगा आत्माराम एसटीत ड्रायव्हर, वडील गेल्यावर चार महिन्यांनी जन्मलेला. तो आईच्या पायाशी बसला होता. आधी जेवण झालं. ज्वारीच्या भाकरीला ते बाटी म्हणतात. सोबत लसणाची चटणी आणि कढी.

मग मी कामाची वही काढली. “तर दगडावर नाव, शंकर राठोड. बरोबर?”

आत्मारामने मान हलवली. पुनीबाई माझ्याकडे पाहत म्हणाल्या, “शंकर कोन? मले मालूम नाही.”

मला वाटलं, वयाने विसरत असतील. पण आत्माराम खाली बघत म्हणाला, “साहेब, याडी असंच म्हनते. सगळ्या कागदावर शंकरच हाय. माह्या शाळेच्या दाखल्यावरही तेच. पन आजा मरतानी म्हने, ते नाव त्याचं नाहीच. म्या इचारलं तर याडी सांगत नाही. नवऱ्याचं नाव कसं घेनार?”

आमच्याकडेही जुन्या बायका नाव घेत नाहीत, पण लग्नाकार्यात उखाण्यात तरी घेतात. पुनीबाईंनी तेही कधी केलं नव्हतं. तांड्यातल्या दोन म्हाताऱ्यांना विचारलं. एक म्हणाला सकरू, दुसरा म्हणाला छे, ते त्याच्या चुलत भावाचं नाव. त्या काळी सारे त्याला ‘ड्रायव्हर’च म्हणायचे. दोघांची चांगलीच जुंपली.

पोरांनी सांगितलेला साधा दगड मुकुटबनला एका पाथरवटाकडे घडवून तयार होता. फक्त नाव कोरायचं बाकी होतं.

मी खाटेजवळ गेलो. “याडी, नाव सांगायची भीती वाटते का?”

त्या हळूच म्हणाल्या, “कागदावर एक नाव, मी दुसरं सांगतलं तर कागद खोटा होईन. सरकार म्हनन, ही बाई दुसऱ्याचीच हाय, पेन्शन बंद. तवा पोर पोटात होतं. तवापासून तोंड बंद ठेवलं.”

चौपन्न वर्षं. आपल्या माणसाचं नाव कागदावर चुकीचं आहे, हे तिला ठाऊक होतं, आणि एका कागदाला जपण्यासाठी ती गप्प राहिली होती.

आता मला बोलणं भाग होतं. मी म्हणालो, “याडी, मी फौजेत बाबू होतो. भरतीच्या वेळी नावं लिहायचं काम माझंच. एकदा एक पोरगा आला, म्हणाला माझं नाव डाया. मी म्हणालो, असं कुठे नाव असतं? त्याने तीनदा सांगितलं. मी दयाराम लिहिलं. तो दयाराम म्हणून भरती झाला, दयाराम म्हणूनच निवृत्त झाला. तुमच्या मालकाचं नाव लिहिणारा मी नव्हतो. पण तो माझ्यासारखाच कुणीतरी होता.”

हे मी आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं.

पुनीबाई म्हणाल्या, “त्यानं सांगतलं असन बरोबर. ऐकनाराच ऐकत नसन.”

“नसेल,” मी म्हणालो. “पण आता कागदाला काही होत नाही. कागद तसाच राहू दे. दगड तुमचा आहे, त्यावर खरं नाव लिहू.”

त्या उठून घरात गेल्या. मला वाटलं, संपलं. थोड्या वेळाने आतूनच आवाज आला, “दगड कुठी हाय म्हनता? मले घेऊन चाला.”

मुकुटबन

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघे निघालो. नामदेव जीप चालवत होता, शेजारी पुनीबाई, मागे कविताबाई आणि मी. पांढरकवडा मागे टाकलं आणि पुढचं चाक बसलं. नामदेव जॅक लावत असताना आम्ही सागाखाली बसलो. वाळलेली मोठाली पानं वाऱ्याने खडखडत होती. पुनीबाई त्या चाकाकडे पाहत होत्या.

“तो असा सडकेवर नसे थांबत,” त्या एकदम म्हणाल्या. “आधी गाडी खाली करे, मंग चाक काढे. म्हने, लादलेल्या जनावराचा पाय धरू नये.”

मग त्यांनी सांगितलं ते मी इथे जसंच्या तसं द्यायचा प्रयत्न करतो. आधी तो कापसाचा ट्रक चालवायचा; लग्नानंतर भरती झाला आणि एकदाच रजेवर आला. पत्र यायचं ते वाचायला तांड्यावर कुणी नव्हतं. आर्णीचा एक दुकानदार वाचून द्यायचा. त्या हिवाळ्यात पत्र आलं तशी ती पायी आर्णीला गेली. दुकानदार लग्नाला बाहेरगावी गेलेला. परत आली. आठ दिवसांनी पुन्हा गेली, दुकान बंदच. पत्र चोळीत घालून हिंडत होती. मग तार आली. पूर्वेच्या आघाडीवर दारूगोळा नेताना त्याची गाडी सुरुंगावर गेली होती.

“तार वाचाले मानूस धावत आला,” त्या म्हणाल्या. “पत्र वाचाले कोनी नव्हतं.”

कविताबाईंनी त्यांचा हात धरला. मी विचारलं, “मग ते पत्र?”

“मास्तर आला नं, त्याच्याकडून पह्यलं तेच वाचून घेतलं. लय थंडी हाय, कांबळं भेटलं. बैल बरे हायेत का. गाडी चांगली हाय.” आणि म्हणाल्या, “खाली नाव शंकर होतं. त्यालेही लिहिता येत नव्हतं, दुसऱ्यानं लिहून देल्लं.”

म्हणजे त्याचं खरं नाव जगात एकाही कागदावर नव्हतं. खात्रीने ठाऊक होतं ते फक्त या बाईला.

मुकुटबनला पाथरवट वामनराव वाटच पाहत होते. अंगणात दगड आडवा ठेवलेला, करडा, घोटून गुळगुळीत केलेला. त्यांनी खडू काढला. “पह्यले नीट लिहून द्या, मंग मी टाकी मारतो. एक डाव कोरलं का मंग खोडता येत नाही, बरं!”

सगळे पुनीबाईंकडे पाहू लागले. त्यांनी पदर डोक्यावर ओढला. वामनराव समजले आणि पाणी प्यायच्या निमित्ताने आत जायला निघाले, तर पुनीबाईच म्हणाल्या, “थांबा. कोनी जाऊ नका.”

आणि मोठ्याने, स्पष्ट म्हणाल्या, “सकरू.”

त्यांचं तोंड तसंच किंचित उघडं राहिलं. आपलाच आवाज ऐकत असल्यासारखं. मग पुन्हा म्हणाल्या, “सकरू. सकरू राठोड.”

वामनरावांनी खडू दगडाला टेकवला, तोच पुनीबाईंनी हात आडवा केला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “यायले द्या. बाबू होते नं हे. लिव बावा तू. आता बराबर लिव.”

अठ्ठावीस वर्षांत मी हजारो नावं लिहिली. पण गुडघे टेकून लिहिलेलं हे पहिलंच. स चांगला आला, क जरा तिरका गेला, तो पुसून परत काढला. ‘रू’ला दीर्घ ऊकार दिला आणि कविताबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली.

“वाच,” पुनीबाई त्यांना म्हणाल्या.

“सकरू राठोड,” कविताबाईंनी वाचलं.

“आखीन एक डाव.”

“सकरू राठोड.”

पुनीबाई वामनरावांकडे वळल्या. “हाव. आता मार टाकी.”

पुन्हा तांड्यावर

दगड कुठे बसवायचा यावर पुनीबाईंनी कुणाचं ऐकलं नाही. चौथरा नको, बंदूक नको, कठडा नको. शाळेच्या दाराशेजारी, भिंतीत आणि खाली, पोरांच्या डोळ्यांसमोर येईल एवढ्याच उंचीवर. माझा नक्षा सापडला असता तर मी हट्ट धरला असता आणि केवढी चूक झाली असती, या विचाराने मला आजही कसंतरी होतं. गावाकडे आमचा स्तंभ आम्ही मान वर करून वाचतो. इथे वाचायला मोठ्या माणसाला वाकावं लागतं.

कार्यक्रम छोटाच झाला. तिघे फौजी गणवेशात आले आणि त्यांनी सलामी दिली. आत्माराम पहाटेची फेरी करून खाकीतच धावत पोहोचला. दगडावर हात ठेवला आणि म्हणाला, “आता मी सकरूचा पोरगा.” मला बोलायला सांगितलं होतं. युद्धांनी देश कसा घडवला यावर चार पानांचं भाषण खिशात होतं. मी ते काढलं नाही. एवढंच म्हणालो की आमच्या गावात पन्नासावर नावं कोरली आहेत आणि ती आम्ही अभिमानाने दाखवतो. आता गावी जाऊन सांगेन की वऱ्हाडात एक तांडा आहे, तिथे दगडाच्या आधी शाळा झाली. टाळ्या वाजल्या. माझी छाती मात्र फुगली होती, आणि या खेपेला ती माझ्या तालुक्यासाठी नव्हती.

गर्दी पांगली. पुनीबाई दगडासमोरच्या पायरीवर बसून राहिल्या. पहिलीतली एक मुलगी, दोन वेण्या आणि नाकाला चकचकीत चमकी, दगडापुढे उकिडवी बसली आणि बोट ठेवून वाचू लागली.

“स... क... रू. सकरू!” तिने वळून पाहिलं. “याडी, सकरू कोन?”

“माहा नवरा,” पुनीबाई म्हणाल्या. “सकरू. हे शाळा त्याच्यानंच आली.”

मुलीने मान हलवली, जणू एवढं तर तिला ठाऊकच होतं, आणि बोट खालच्या ओळीवर नेलं. तिथे ‘ड्रायव्हर’ लिहिलं होतं. पहिल्याच जोडाक्षराला ती अडली. परत सुरुवात केली, परत अडली. कविताबाई सांगायला पुढे होऊ लागल्या, तशी पुनीबाईंनी त्यांना हाताने थांबवलं आणि पोरीच्या पाठीवरून हात फिरवला.

“राहू दे माय. उद्या वाच. दगड का पळून जाते?”